मिक्सर ते संगणक: यूएसबी ऑडिओ जोडणीची सविस्तर पद्धत

कोल्हापुरातील गाण्याची बैठक, व्याख्यान किंवा संगीत नाटकाचा प्रयोग आता फक्त सभागृहात येऊन बसलेल्या रसिकांपुरता राहिलेला नाही. गायन समाज देवल क्लबसारखी संस्था ज्या गावात १८८३ सालापासून आहे, त्या गावचे कान जाणते असतात, आणि नोकरीनिमित्त पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी गेलेला इथला श्रोता थेट प्रक्षेपण ऐकतानाही तेच कान घेऊन बसलेला असतो. सभागृहातील श्रोत्याला स्पीकरखेरीज तबल्याचा आणि पेटीचा मूळ आवाजही मिळतो. घरी बसलेल्या श्रोत्याला मात्र मिक्सरमधून संगणकात जाणाऱ्या एका यूएसबी केबलमधून जे जाईल तेवढेच मिळते. त्यामुळे ही जोडणी मुख्य स्पीकरांइतक्याच काळजीने व्हायला हवी, आणि ती कार्यक्रमाआधी दहा मिनिटे घाईने उरकण्याचे काम नव्हे.

या लेखात ऑडिओ प्रोसेसर हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे. डिजिटल मिक्सर, सभागृहाच्या रॅकमध्ये कायमचा बसवलेला डीएसपी (आवाजावर डिजिटल प्रक्रिया करणारा) प्रोसेसर आणि घरी ध्वनिमुद्रणासाठी वापरले जाणारे छोटे साऊंड कार्ड या तिन्हींची संगणकाशी होणारी जोडणी एकाच तत्त्वावर चालते. आवाज आला नाही की आपल्याकडे आधी केबल बदलली जाते, मग लॅपटॉप बदलला जातो आणि शेवटी ड्रायव्हर पुन्हा टाकला जातो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा रूटिंगमध्ये (कोणता आवाज कुठून कुठे पाठवायचा या मांडणीत) किंवा सॅम्पल रेटमध्ये (आवाजाची सेकंदाला किती मोजमापे घ्यायची त्या दरात) असतो. म्हणून पुढील पायऱ्या दिलेल्या क्रमानेच कराव्यात, आणि एक पायरी तपासून झाल्याशिवाय दुसरीकडे वळू नये.

जोडण्यापूर्वी कागदावर नकाशा

पहिले काम केबलचे नाही, कागदाचे आहे. कोणता आवाज संगणकात जायचा आहे आणि संगणकातून कोणता आवाज परत यायचा आहे, हे बाण काढून लिहावे. इथे नावांचा घोळ हमखास होतो, कारण संगणकाच्या दृष्टीने जे आउटपुट आहे ते मिक्सरच्या दृष्टीने इनपुट असते, आणि मिक्सरवर त्याला बहुधा यूएसबी रिटर्न असे नाव दिलेले असते. कागदावर नेहमी «मिक्सरकडून संगणकाकडे» आणि «संगणकाकडून मिक्सरकडे» असे पूर्ण शब्दांत लिहिले, तर ऐन वेळी दोन माणसे दोन अर्थ लावत बसत नाहीत.

काम साधारण तीन प्रकारचे असते. थेट प्रक्षेपणासाठी डावा आणि उजवा असे दोनच चॅनल पुरतात. नंतर मिक्स करण्यासाठी प्रत्येक माईक वेगळ्या ट्रॅकवर मुद्रित करायचा असेल तर सोळा किंवा बत्तीस चॅनल लागतात. ऑनलाइन सभा किंवा मुलाखत असेल तर आवाज दोन्ही दिशांनी जातो आणि तिथे सर्वांत जास्त दक्षता लागते. यांपैकी आपले काम कोणते, हे ठरल्याशिवाय पुढची एकही सेटिंग नीट ठरवता येत नाही.

प्रक्षेपणाच्या बाबतीत एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते. सभागृहाच्या मुख्य स्पीकरांना जाणारा मिक्स जसाच्या तसा संगणकाला देऊ नये. दोनशे आसनांच्या सभागृहात तबला किंवा ढोलकी स्पीकरमध्ये जेमतेमच द्यावी लागते, कारण ती मुळातच सगळ्यांना ऐकू येत असते. तोच मिक्स यूएसबीवरून गेला तर घरच्या श्रोत्याला गायकाचा आवाज पुढे आणि ठेका कुठेतरी मागे, असे विजोड गाणे ऐकावे लागते. यासाठी मिक्सरवर एक स्वतंत्र स्टिरिओ बस किंवा ऑक्स (अनेक आवाज एकत्र करून वेगळीकडे पाठवणारा मार्ग) राखून ठेवावा, तो फेडरच्या (आवाज कमीजास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या) नंतरचा ठेवावा, म्हणजे गायकाचा फेडर वरखाली झाला की प्रक्षेपणातही तसाच होईल, आणि त्यात तबला, पेटी, तानपुरा यांचे प्रमाण हेडफोन लावून वेगळे ठरवावे. शक्य असेल तर प्रेक्षागृहाकडे तोंड केलेले दोन माईक याच बसमध्ये हलकेच मिसळावेत आणि ते मुख्य स्पीकरांना अजिबात देऊ नयेत. समेवर येणारी दाद ऐकू आली नाही तर मैफल घरी बसून ऐकणाऱ्याला कोरडी वाटते.

केबल आणि पोर्ट

बहुतेक मिक्सर आणि प्रोसेसर यांच्या मागे चौकोनी, वरच्या दोन कडा तिरप्या असलेला टाइप-बी पोर्ट असतो, आणि त्याला लागणारी केबल बाजारात प्रिंटरची केबल म्हणूनच मिळते. ती चालते, मात्र दोन मीटरपेक्षा लांब घेऊ नये. यूएसबी २.० साठी साध्या केबलची व्यवहारातील कमाल लांबी पाच मीटर धरली जाते. त्यापुढे जायचे असेल तर लॅपटॉपच मिक्सरजवळ आणावा, किंवा चांगल्या प्रतीची ॲक्टिव्ह एक्स्टेंशन वापरावी. नव्या उपकरणांवर टाइप-सी पोर्ट असतो आणि तिथे वेगळीच अडचण येते: मोबाइलच्या चार्जरसोबत आलेल्या काही केबलमध्ये फक्त वीज वाहून नेणाऱ्या तारा असतात, डेटाच्या नसतात, त्यामुळे दिवा लागतो पण संगणकाला उपकरण दिसत नाही.

याच केबलने पेन ड्राइव्हची किंवा प्रिंटरची कामे बिनतक्रार होतात, मग आवाजातच टकटक का येते, असा प्रश्न अनेकांना पडतो. याचे उत्तर यूएसबीच्या कार्यपद्धतीत आहे. फाइल पाठवताना डेटाचे एखादे पाकीट खराब झाले तर ते पुन्हा मागवले जाते आणि आपल्याला काही कळतही नाही. आवाज मात्र आयसोक्रोनस पद्धतीने जातो, म्हणजे प्रत्येक पाकिटासाठी ठरावीक वेळ राखलेली असते, पण हरवलेले पाकीट पुन्हा पाठवले जात नाही. जे गेले ते गेले, आणि त्या जागी «टक्» असा आवाज उमटतो. म्हणूनच फाइल नीट कॉपी होणे हा ऑडिओसाठी केबल चांगली असल्याचा पुरावा ठरत नाही.

मिक्सर थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावावा, मध्ये हब घेऊ नये. कॅमेऱ्याचे कॅप्चर कार्ड शक्यतो दुसऱ्या बाजूच्या पोर्टला द्यावे, कारण तेही याच मार्गावर मोठी जागा अडवते. आणखी एक बाब अनेकांच्या लक्षात येत नाही: यूएसबी ३.० चे पोर्ट आणि केबल चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट पसरवतात. आपल्याकडे स्वस्तातले अनेक वायरलेस माईक याच पट्ट्यात चालतात, तेव्हा त्यांचा रिसीव्हर लॅपटॉपला आणि बाहेरच्या हार्ड डिस्कला खेटून ठेवू नये.

ड्रायव्हर

यूएसबी ऑडिओची पहिली प्रमाणित पद्धत १९९८ मध्ये आली आणि दुसरी २००६ मध्ये. पहिल्या पद्धतीची उपकरणे १२ मेगाबिट प्रति सेकंद या वेगावर चालतात, आणि त्या वेगात एका मिलिसेकंदाच्या पाकिटात जास्तीत जास्त १०२३ बाइट मावतात. ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिटचा स्टिरिओ आवाज मिलिसेकंदाला २८८ बाइट घेतो, म्हणजे तो आरामात बसतो. बत्तीस चॅनलना मात्र ४६०८ बाइट लागतात, म्हणून अशा मिक्सरला ४८० मेगाबिटचा वेग आणि दुसरी पद्धत अनिवार्य होते.

मॅक आणि लिनक्सवर दुसऱ्या पद्धतीची उपकरणे वेगळ्या ड्रायव्हरशिवाय बरीच वर्षे चालत आली आहेत. विंडोजमध्ये ही सोय २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून मिळाली. तरीही विंडोजवर उत्पादकाच्या संकेतस्थळावरील स्वतःचा ड्रायव्हर टाकणेच इष्ट, कारण अनेक ट्रॅकच्या मुद्रणासाठी लागणारी आसिओ ही, प्रोग्रॅमला उपकरणाशी थेट बोलू देणारी, व्यवस्था त्याच्यासोबत येते. ड्रायव्हर टाकण्यापूर्वी केबल जोडू नये. आधी ड्रायव्हर, मग संगणक पुन्हा सुरू करणे, मग केबल, हा क्रम पाळावा. मिक्सरचे फर्मवेअर आणि ड्रायव्हर यांच्या आवृत्त्या एकमेकींना अनुरूप आहेत का, हे त्याच पानावर लिहिलेले असते. कार्यक्रमाच्या दिवशी यांपैकी काहीही अपडेट करू नये, आणि विंडोजचे स्वतःचे अपडेटही त्या दिवसापुरते थांबवून ठेवावे.

सॅम्पल रेट आणि घड्याळ

या सगळ्या कामातील सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

डिजिटल आवाज म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा घेतलेली मोजमापे, आणि ती केव्हा घ्यायची हे एक घड्याळ ठरवते. मिक्सरमध्ये असे घड्याळ असते, संगणकात दुसरे असते, आणि दोन्ही क्रिस्टलवर चालत असली तरी तंतोतंत सारखी कधीच नसतात. आजची बहुतेक चांगली उपकरणे असिंक्रोनस पद्धतीने काम करतात, म्हणजे मिक्सरचे घड्याळ प्रमाण मानले जाते आणि संगणक त्याच्या गतीने आवाज देतो व घेतो. त्यामुळे मिक्सरचा क्लॉक सोर्स इंटर्नल ठेवावा. रंगमंचावर डिजिटल स्टेज बॉक्स (माईक तिथल्या तिथे जोडून घेणारा डबा) असेल किंवा डांटेचे (नेटवर्क केबलवरून आवाज नेणाऱ्या पद्धतीचे) जाळे असेल, तर त्या सगळ्या साखळीत मालक घड्याळ एकच आहे ना, हे तपासावे. दोन उपकरणे एकाच वेळी मालक झाली की ठरावीक अंतराने बारीक टिकटिक ऐकू येते, आणि ती कितीही केबल बदलल्या तरी जात नाही.

सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवावा, कारण चित्रफितीसोबत जाणाऱ्या आवाजाचा तोच प्रचलित दर आहे. सगळीकडे म्हणजे पाच ठिकाणी: मिक्सरमध्ये, ड्रायव्हरच्या खिडकीत, विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमधील ॲडव्हान्स्ड या भागात उपकरणाच्या इनपुटसाठी, तिथेच आउटपुटसाठी, आणि मुद्रणाच्या किंवा प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममध्ये. मॅकवर हेच काम ऑडिओ मिडी सेटअप या प्रोग्रॅममध्ये होते. आधी मिक्सरचा दर ठरवावा आणि मगच संगणकातील प्रोग्रॅम उघडावा, कारण चालू स्थितीत दर बदलला की जोडणी क्षणभर तुटून पुन्हा लागते आणि अनेक प्रोग्रॅम ते ओळखत नाहीत.

दर जुळले नाहीत तर काय होते, हेही जाणून घ्यावे. पुष्कळदा विंडोज स्वतःच रूपांतर करून वेळ मारून नेते. पण ४४.१ च्या दराने घेतलेली मोजमापे एखाद्या प्रोग्रॅमने ४८ ची समजून वाजवली, तर गाणे जवळजवळ नऊ टक्क्यांनी जलद होते आणि सूर पेटीच्या सुमारे दीड पट्टीने वर चढतो. काळी एकमध्ये गायलेले गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्येच कुठेतरी ऐकू येते. पेटीवाल्याच्या हे पहिल्या आवर्तनात लक्षात येते, ऑपरेटरच्या मात्र यायला वेळ लागतो.

घड्याळाचा आणखी एक परिणाम लांबलचक कार्यक्रमात दिसतो. आवाज एका लॅपटॉपवर आणि चित्र स्वतंत्र कॅमेऱ्यावर घेऊन नंतर जुळवायचे ठरवले, आणि दोघांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास भाग इतका किरकोळ फरक असला, तरी तासाला १८० मिलिसेकंदांची तफावत पडते. तीन तासांच्या संगीत नाटकाच्या शेवटी ती अर्ध्या सेकंदाच्या पुढे जाते, आणि नटाचे ओठ व शब्द वेगळे पडतात. म्हणून शक्य असेल तिथे मिक्सरचा आवाज कॅमेऱ्यालाही द्यावा, किंवा जुळवणी करताना प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला नव्याने मिळवणी करावी. दोन वेगवेगळी यूएसबी उपकरणे एकाच संगणकावर एकत्र वापरतानाही हाच प्रश्न येतो. मॅकवर ॲग्रिगेट डिव्हाइस (दोन उपकरणे मिळून एक) तयार करताना मुख्य घड्याळाखेरीज दुसऱ्या उपकरणापुढे ड्रिफ्ट करेक्शनची खूण करावी.

बफर किती ठेवावा

बफर म्हणजे आवाजाची मोजमापे पुढे देण्याआधी क्षणभर साठवण्याची जागा; ती गच्चीवरची पाण्याची टाकी समजावी: नळाला पाणी अधूनमधून आले तरी टाकी भरलेली असेपर्यंत घरात धार तुटत नाही, पण टाकी जितकी मोठी तितका पाण्याचा मुक्कामही जास्त. ४८ किलोहर्ट्झवर ६४ सॅम्पलचा (मोजमापांचा) बफर १.३ मिलिसेकंद, २५६ चा ५.३ मिलिसेकंद आणि १०२४ चा २१.३ मिलिसेकंद विलंब लावतो. गायकाला स्वतःचा आवाज संगणकातून फिरून हेडफोनमध्ये ऐकायचा असेल तरच बफर लहान ठेवण्यात अर्थ आहे. प्रक्षेपणात आणि मुद्रणात कोणीही संगणकातून परत आलेला आवाज ऐकून गात नसते, तेव्हा ५१२ किंवा १०२४ निःशंकपणे ठेवावा. कमी विलंब म्हणजे चांगली यंत्रणा, हा समज इथे गैरलागू आहे.

मोठ्या बफरनेही टकटक थांबली नाही, तर लॅपटॉपचा वीज वाचवण्याचा स्वभाव तपासावा. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करावे आणि हाय परफॉर्मन्स ही योजना निवडावी. वाय-फायचा ड्रायव्हरही पुष्कळदा आडवा येतो, म्हणून इंटरनेट शक्य असेल तर लॅन केबलने घ्यावे.

मिक्सरमधील रूटिंग

आता कागदावरचा नकाशा मिक्सरवर उतरवावा. प्रक्षेपणाची स्टिरिओ बस यूएसबीच्या पहिल्या आणि दुसऱ्या चॅनलवर पाठवावी, कारण सभांचे आणि प्रक्षेपणाचे अनेक प्रोग्रॅम उपकरणाचे पहिले दोनच चॅनल घेतात, आणि बऱ्याच मिक्सरवर कारखान्यातून आलेल्या सेटिंगमध्ये तिथे पहिला आणि दुसरा माईक जोडलेला असतो. डाव्या कानात फक्त गायक आणि उजव्या कानात फक्त पेटी, अशी प्रक्षेपणे यातूनच होतात.

वेगवेगळ्या ट्रॅकवर मुद्रण करायचे असेल तर प्रीॲम्पनंतर (माईकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या टप्प्यानंतर) लगेचचा, ईक्यू (जाड-बारीक स्वरांचे प्रमाण बदलणारा) आणि कॉम्प्रेसर (मोठे आवाज दाबणारा) यांच्या आधीचा आवाज घ्यावा, म्हणजे सभागृहासाठी केलेले बदल मुद्रणात कायमचे बसत नाहीत. तेच मुद्रण परत मिक्सरच्या चॅनलवर घेऊन कलाकारांशिवाय ध्वनितपासणीही करता येते. मात्र तपासणी संपल्यावर चॅनलचा स्रोत यूएसबीवरून पुन्हा माईकवर न्यावा लागतो. हे राहून गेले तर पडदा उघडल्यावर एकही माईक चालत नाही. यासाठी दोन वेगळे सीन (मिक्सरच्या सगळ्या सेटिंगचे संच) साठवून त्यांना ठळक नावे द्यावीत, हाताने एकेक चॅनल बदलण्याच्या भरीस पडू नये.

रूटिंग झाल्यावर माईकने नव्हे, टोनने तपासावे. मिक्सरमधील ऑसिलेटरवरून १ किलोहर्ट्झचा टोन उणे १८ डीबीएफएसवर (डिजिटल कमाल मर्यादेच्या १८ डेसिबल खाली) त्या बसला द्यावा आणि संगणकातील मीटर पाहावा. मार्ग पूर्णपणे डिजिटल असल्यामुळे आकडा तोच दिसला पाहिजे. तीन किंवा सहा डेसिबलचा फरक आला तर वाटेत पॅन, फेडर किंवा व्हॉल्यूमची एखादी पट्टी हललेली आहे. मग टोन फक्त डाव्या बाजूला द्यावा. तो संगणकात दोन्ही बाजूंना दिसला, तर कुठेतरी आवाज मोनो होतो आहे.

पातळी

डिजिटल आवाजात शून्य डीबीएफएस ही भिंत आहे; तिच्यापुढे आवाज फाटतो आणि नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. २४ बिटमध्ये गणिताने १४४ डेसिबलचा पल्ला मिळतो, त्यामुळे पातळी थोडी खाली ठेवल्याने काहीच नुकसान होत नाही. सरासरी उणे १८ च्या आसपास आणि मोठ्यात मोठा ठोका उणे सहाच्या खाली, हे प्रमाण ठेवावे.

हे प्रमाण ठरवताना गायकाला गायला लावून भागत नाही. खासबागेत कुस्तीच्या फडाला रंग चढवणारी हलगी शाहिरी कार्यक्रमात रंगमंचावर येते, तेव्हा तिच्या कडाडणाऱ्या ठोक्याचे टोक सरासरी पातळीच्या कितीतरी वर जाऊन क्षणार्धात खाली येते. हलगी शेकून ताणलेली असेल तर हा फरक आणखी वाढतो, आणि तपासणीच्या वेळी सैल वाजलेली हलगी प्रत्यक्ष कार्यक्रमात ऐन शेकलेली असते. सरासरी दाखवणारा मीटर हे टोक दाखवतच नाही. म्हणून मीटर पीक होल्डवर ठेवावा, हलगीवाल्यांना «कार्यक्रमात वाजवता तशीच, जोरात वाजवा» असे सांगावे, आणि त्या आकड्यावरून गेन (माईकच्या आवाजाची वाढ) ठरवावा. प्रक्षेपणाच्या बसच्या शेवटी उणे तीनवर एक लिमिटर (आवाज त्यापुढे जाऊ न देणारा) लावून ठेवावा. तो क्वचितच चालावा, पण असावा.

परतीच्या दिशेला, म्हणजे संगणकाकडून मिक्सरकडे, विंडोजचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा आणि कमीजास्त करण्याचे काम मिक्सरच्या फेडरवर करावे. मिक्सरवर तो फेडर मात्र बंद ठेवून सुरुवात करावी.

संगणकातील परवानग्या आणि सवयी

संगणकात मीटर हलतच नसेल, तर आधी गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये जाऊन मायक्रोफोनची परवानगी पाहावी. विंडोज आणि मॅक दोघेही यूएसबीवरून येणाऱ्या आवाजाला मायक्रोफोनच समजतात आणि परवानगी नसेल तर कोणतीही सूचना न देता शांतता पाठवतात.

त्यानंतर विंडोजच्या साउंड कंट्रोल पॅनेलमध्ये ऑडिओ एन्हान्समेंट बंद करावे, आणि कम्युनिकेशन्स या भागात डू नथिंग निवडावे. एरवी कॉल सुरू झाला की विंडोज इतर आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते. डीफॉल्ट उपकरण म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर ठेवावा आणि मिक्सर फक्त लागेल त्या प्रोग्रॅममध्ये नाव घेऊन निवडावा. यामुळे ईमेलची टिंगटिंग कीर्तनाच्या मध्ये मुख्य स्पीकरांवर वाजत नाही. सिस्टीमचे आवाज नो साउंड्सवर नेणे हा आणखी पक्का उपाय आहे.

ओबीएससारख्या प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममध्ये कॅमेऱ्याचे चित्र आवाजाच्या मागून येते, म्हणून आवाज थोडा मागे ढकलावा लागतो. कॅमेऱ्यासमोर एकदा टाळी वाजवून मुद्रण करावे आणि टाळीचा आवाज चित्राच्या किती फ्रेम आधी येतो ते मोजावे. सेकंदाला २५ फ्रेम असतील तर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. तीन फ्रेमचा फरक असेल तर सिंक ऑफसेटमध्ये १२० लिहावे.

झूमवर गाणे ऐकवायचे असेल तर ओरिजिनल साऊंड फॉर म्युझिशियन्स हा पर्याय चालू केल्याशिवाय सुरुवात करू नये. गोंगाट कमी करणारी यंत्रणा अखंड चालणाऱ्या आवाजाला पंख्याची घरघर समजते, आणि तानपुरा हा नेमका तसा अखंड आवाज आहे. तो हळूहळू विरत जातो आणि गायक आधाराविना गात असल्यासारखा ऐकू येतो.

दोन्ही दिशांचा संवाद

व्याख्यानाला परगावचा वक्ता ऑनलाइन जोडला जातो, तेव्हा नियम एकच आहे: संगणकातून आलेला आवाज संगणकाकडे परत जाता कामा नये. सभागृहातील सगळे माईक, अधिक ध्वनिफीत, वजा यूएसबी रिटर्न, अशी वेगळी बस करावी. तिलाच मिक्स-मायनस म्हणतात. त्या वक्त्याला स्वतःचाच आवाज उशिराने ऐकू येत असेल, तर दोष त्याच्याकडे नसून आपल्या सभागृहात आहे, हे ध्यानात ठेवावे. ज्याला प्रतिध्वनी ऐकू येतो, त्याच्या समोरच्या टोकाला तो तयार होत असतो.

मिक्स-मायनस असूनही स्पीकरमधील वक्त्याचा आवाज सभागृहाच्या माईकमध्ये शिरतोच. तो काढण्यासाठी प्रोसेसरमध्ये इको कॅन्सलर असतो, आणि त्याला संदर्भ म्हणून फक्त यूएसबीवरून आलेला दूरचा आवाज द्यावा. त्या संदर्भात सभागृहाचे माईक मिसळले, तर तो आपल्याच वक्त्याचा आवाज कापू लागतो. प्रोसेसरचा इको कॅन्सलर चालू असेल तर सभेच्या प्रोग्रॅममधील बंद करावा. काही प्रोसेसरना यूएसबीवर स्पीकरफोन म्हणून ओळख देता येते आणि मग प्रोग्रॅम स्वतःच माघार घेतो. दोन्ही एकाच वेळी चालले की शब्दांची सुरुवात गिळली जाते.

हम आणि चार्जर

लॅपटॉपचा चार्जर लावल्यावर बारीक चीं असा आवाज किंवा घुमणारा हम येणे, ही आपल्याकडची नेहमीची तक्रार आहे. चार्जर काढून पाहावा. आवाज थांबला तर दोष ड्रायव्हरचा नाही, अर्थिंगच्या वेटोळ्याचा आहे: लॅपटॉप एका बोर्डवरून आणि मिक्सर दुसऱ्या बोर्डवरून वीज घेतो, आणि त्यांच्या अर्थमधील फरकाचा प्रवाह यूएसबी केबलच्या जाळीतून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्यावेत. बहुतेक वेळा एवढ्यानेच काम होते. जुन्या इमारतींत तीन पिनांचा सॉकेट असूनही मागे अर्थची तार नसते, म्हणून इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या आत असावे. अर्थची पिन काढून टाकण्याचा उपाय कोणी सुचवला तर तो कधीही करू नये, माईकला ओठ लावून गाणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. यूएसबी आयसोलेटर (विजेचा संबंध तोडून फक्त डेटा जाऊ देणारे साधन) घ्यायचा असेल तर त्याचा वेग आधी पाहावा. बाजारातील स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात, ते साध्या स्टिरिओ साऊंड कार्डाला चालतात, बत्तीस चॅनलच्या मिक्सरला नाहीत.

शेवटची तपासणी

सगळे जमले की किमान तासभर सलग मुद्रण करून ठेवावे, कारण घड्याळाचे आणि वीज वाचवण्याचे दोष पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाहीत. मग मुद्दाम केबल काढून पुन्हा लावावी आणि कोणता प्रोग्रॅम आपोआप सावरतो, कोणता बंद करून उघडावा लागतो, हे लिहून ठेवावे. मिक्सरच्या पेन ड्राइव्हवर मुद्रणाची सोय असेल तर संगणकावर विसंबून न राहता तिथेही मुद्रण चालू ठेवावे.

शेवटी मिक्सरचा सीन साठवावा, चॅनलचा नकाशा आणि ४८ किलोहर्ट्झ ही नोंद रॅकच्या दाराच्या आत चिकटवावी, आणि लॅपटॉपच्या ज्या पोर्टला केबल लावली होती त्यावर खुणेची पट्टी लावावी. काही उपकरणे दुसऱ्या पोर्टला लावली की विंडोज त्यांना नवे उपकरण समजते, सॅम्पल रेटपासून परवानगीपर्यंतची त्यांची सेटिंग नव्याने करावी लागतात, आणि प्रक्षेपणाच्या प्रोग्रॅममध्ये जुन्या नावापुढे रिकामा मीटर दिसतो.